ईसीबीसीची बिल्डिंग करताय? निदान या चुका तरी टाळा

जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठेही जा, हायवेला शोरूम, हॉस्पिटल, हॉटेल, क्लासेसच्या मोठमोठ्या बिल्डिंगी उभ्या राहतायत, आणि आमच्याकडे फाईल कधी येते? स्लॅब पडलेला, काचेला अ‍ॅडव्हान्स दिलेला, एसीवाल्याचं कोटेशन फायनल, तेव्हा. मग फोन येतो, "भाऊ, ते ईसीबीसीचं तेवढं करून द्या ना, दोन दिवसांत." दोन दिवसांत फॉर्म भरून होतात, बिल्डिंग बदलत नाही. ईसीबीसी, म्हणजे एनर्जी कन्झर्व्हेशन बिल्डिंग कोड, मोठ्या व्यावसायिक बिल्डिंगने वीज कमी खावी म्हणून केलेले सरकारी नियम, हा नकाशा टेबलावर असताना उघडायचा कागद आहे. त्याच त्याच चुका बघून कंटाळा आलाय, म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकतो.

सगळ्यात आधी, कोड लागू कोणाला. कनेक्टेड लोड (बसवलेल्या सगळ्या उपकरणांची मिळून वीज) १०० किलोवॅट किंवा त्याहून जास्त, नाहीतर कॉन्ट्रॅक्ट डिमांड (वीज कंपनीशी ठरलेली कमाल मागणी) १२० केव्हीए किंवा जास्त, दोन्हीपैकी एक जरी बसलं तरी तुम्ही आत. यावर लगेच कोणीतरी शहाणा सुचवतो की प्रत्येक मजल्याला वेगळं कनेक्शन घेऊ, म्हणजे कोणाचाच लोड १०० वर जाणार नाही. कोड मीटर मोजत नाही, बिल्डिंग किंवा बिल्डिंगचा पूर्ण कॉम्प्लेक्स बघतो, त्यामुळे त्या वाटेला जाऊच नका. दुसरं, जुन्या फाईलची कॉपी. कोड पहिल्यांदा २००७ मध्ये आला, २०१७ मध्ये बराच बदलला, आणि २०२४ मध्ये तर नावासकट नवा आला, एनर्जी कन्झर्व्हेशन अँड सस्टेनेबल बिल्डिंग कोड. तरी अजून २००७ चे तक्ते चिकटवलेल्या फाईली समोर येतात. मी खाली जे आकडे देतोय ते २०१७ चे आहेत, तुमच्या फाईलला कुठला लागतो ते पहिल्याच मीटिंगला विचारून घ्या.

आता काच. यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण खान्देशात सगळ्यात जास्त पैसा इथेच वाया जातो.

मालकाला पुण्या-मुंबईसारखं चकचकीत पाहिजे असतं, त्यात चूक काही नाही. पण आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो, आणि प्लॉटचं तोंड पश्चिमेला असलं की अख्खी दर्शनी भिंत काचेची करायची हा हट्ट महागात पडतो. कोड म्हणतो भिंतीच्या ४० टक्क्यांपेक्षा जास्त काच नको, काचेचा यू फॅक्टर (आत-बाहेरच्या तापमानातल्या फरकामुळे किती उष्णता आरपार जाते तो आकडा, कमी तितका चांगला) ३ च्या वर नको, आणि उत्तर सोडून बाकी दिशांना एसएचजीसी ०.२७ पेक्षा जास्त नको. एसएचजीसी म्हणजे काचेवर पडलेल्या उन्हातली किती उष्णता आत शिरते तो हिस्सा. उत्तरेला आपल्या अक्षांशावर ०.५० पर्यंत चालतं. म्हणून मी प्रत्येक आर्किटेक्टला सांगतो, काचेची हौस उत्तरेला भागवा, पश्चिमेला जिना, लिफ्ट, टॉयलेट, स्टोअर टाका. ऐकतात थोडे.

धुळ्याकडच्या एका शोरूमची गोष्ट सांगतो. दर्शनी बाजू पश्चिमेला, हायवेकडे, साधारण १०० चौरस मीटर काच. ड्रॉइंगमध्ये डबल ग्लास होती, मध्ये हवेची फट, आतून कोटिंग, एसएचजीसी ०.२५. फाईल व्यवस्थित पास. मग फॅब्रिकेटरने मालकाला सांगितलं, तीच शेड सिंगल ग्लासमध्ये देतो, बरेच पैसे वाचतील, बाहेरून फरक कळणार पण नाही. आणि खरंच कळला नाही, निळी काच ती निळीच दिसणार. एप्रिलपासून बोंब सुरू झाली, एसी चालत नाही, एसीवाला चोर आहे, वगैरे. मी दुपारी चारला गेलो तर पुढच्या रांगेतल्या गाड्यांच्या सीटला हात लाववत नव्हता, काउंटरवरची पोरं टेबल ओढून मागच्या भिंतीला जाऊन बसलेली, आणि एसी पूर्ण दमाने चालू.

मी खिशातला लायटर काढून काचेसमोर पेटवला. डबल ग्लास असती तर ज्योतीची चार प्रतिबिंबं दिसली असती, दर काचेच्या दोन पृष्ठभागांची दोन दोन. तिथे दोनच दिसली. मालकाला जवळ बोलावून दाखवलं, तो बराच वेळ काही बोलला नाही.

हिशोब सोपा आहे. त्या वेळी पश्चिमेच्या उभ्या काचेवर चौरस मीटरला ६०० वॅट ऊन धरा. बसवलेल्या काचेचा एसएचजीसी ०.५५ च्या आसपास, ठरलेला ०.२५, म्हणजे फरक ०.३०. गुणाकार करा, १८ किलोवॅट उष्णता जास्तीची आत येते, म्हणजे पाच टनांच्या वर एसी फक्त ती काच झेलायला. मालकाने आधी जादा स्प्लिट लावले, मग डिमांड मंजुरीच्या वर गेली, त्याचा दंड बिलात यायला लागला, मग कोणाच्या तरी सल्ल्याने काचेला आतून गडद फिल्म चिकटवली, आणि त्यातल्या काही काचांना कडेपासून तडे गेले. गडद काचेवर गडद फिल्म लावली की काच स्वतःच प्रचंड तापते, फ्रेममध्ये दबलेली कड मात्र त्या मानाने थंड राहते, त्या ताणात ती फुटते. शेवटी सगळी काच बदलली. काचेत जे वाचवलं होतं ते कुठल्या कुठे गेलं.

त्यामुळे माझी सवय अशी की काच साईटवर उतरते त्या दिवशी मी जातोच, लायटर घेऊन. चार ज्योतींपैकी एक वेगळ्या रंगाची दिसते, तो कोटिंगचा पृष्ठभाग. आपल्या उन्हाला तो बाहेरून मोजताना दुसरा यायला पाहिजे. तिसरा आला तर युनिट उलटं बसवलंय, आणि असं होतं बरं का, कारण मिस्त्री लोक स्टिकर काढून काच धुतात आणि मग जी बाजू हाताला येईल ती बाहेर लावतात. एकदा मी उलटी बसवलेली युनिट काढायला लावली तर मिस्त्री मला म्हणतो, "साहेब, आठे कोन देखस?" म्हणजे, इथे कोण बघतंय? मी देखस रे बाबा.

पडदे, ब्लाइंड यांना कोडमध्ये सूट मिळत नाही, बाहेरच्या कायमच्या छज्जाला मिळते. पण पश्चिमेचं ऊन तिरपं खाली येतं, आडवा छज्जा तिथे फार उपयोगाचा नाही, उभे फिन लावा.

आता भिंत. "आपण एएसी ब्लॉक वापरलाय" (तो हलका, सच्छिद्र सिमेंटचा ब्लॉक) हे वाक्य मला रोज ऐकू येतं, जणू पुढे काही विचारायचंच नाही. २०० मिलिमीटरचा एएसी ब्लॉक, दोन्हीकडून प्लास्टर, यू व्हॅल्यू, म्हणजे काचेला सांगितला तोच यू फॅक्टर, येते साधारण ०.७ ते ०.८. कोडची मर्यादा ०.४०. दहा हजार चौरस मीटरच्या आतल्या ऑफिसच्या बिल्डिंगला ०.६३ ची सवलत आहे, तिथेही नुसता ब्लॉक बसत नाही. आणि भुसावळकडे दीपनगरच्या वीज केंद्राच्या राखेमुळे फ्लाय अ‍ॅशची वीट स्वस्तात मिळते म्हणून ती लावून "ग्रीन बिल्डिंग" सांगणारे पण आहेत. वीट चांगली आहे, राखेचा उपयोग होतो, मातीची वीट वाचते, पण नऊ इंची भिंतीची यू व्हॅल्यू २ च्या आसपासच राहते. एएसीवर २५ मिलिमीटर एक्सपीएस (उष्णता अडवणारी कडक फोम) शीट लावली तर ०.६३ आरामात निघतं, ५० लावली तर ०.४० पण निघतं. फक्त बीम आणि कॉलमवरून शीट फिरवा, नाहीतर सगळी उष्णता तिथून आत.

गच्चीची मर्यादा ०.३३ आहे, आणि नुसता स्लॅब अधिक ब्रिकबॅट कोबा अडीच-तीनच्या घरात असतो. म्हणजे आठपट फरक आहे, चुन्याचे दोन हात मारून तो भरून येत नाही. पांढरा रंग वेगळी अट आहे, रिफ्लेक्टन्स (ऊन परत फेकायचा हिस्सा) किमान ०.६० आणि एमिटन्स (तापलेली उष्णता बाहेर सोडायची क्षमता) ०.९०, तेही टेस्ट रिपोर्टसकट, आणि ती इन्सुलेशनच्या जोडीला आहे, त्याच्या ऐवजी नाही. ७५ मिलिमीटर एक्सपीएस टाकून ०.३४ वर अडकलेल्या फाईली मी पाहिल्यात, एका बोटाने हुकलेल्या. सरळ १०० टाका. सोलर पॅनलखालच्या भागाला पांढऱ्या रंगाची सूट आहे, इन्सुलेशनची नाही, "सोलर टाकलंय ना" म्हणून कोणी सुटत नाही.

एलईडी लावले म्हणजे लाइटिंग झालं, हेही नाही. ऑफिसला चौरस मीटरला साडेनऊ वॅटची मर्यादा आहे, आणि ३०० चौरस मीटरच्या वर ९० टक्के दिवे आपोआप बंद होण्याची सोय लागते. फॉल्स सीलिंगवाला हौसेने दर दोन फुटाला स्पॉट मारतो तिथेच आकडा फुटतो.

स्प्लिट एसी किमान ३ स्टार. पण स्टार बघून एसी घेतला आणि सगळे आउटडोअर एका अरुंद डक्टमध्ये एकावर एक कोंबले, वरून एसीपीची (अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याची) जाळी लावली, तर एकाची गरम हवा दुसरा ओढतो. मशीनची पाटीवरची क्षमता बाहेर ३५ अंश धरून असते, आपल्याकडे दुपारी त्या डक्टमध्ये ५० च्या वर जातं. मग ट्रिप होतो आणि कंपनीला शिव्या. आउटडोअर गच्चीवर मोकळे ठेवा, सावलीत.

कूलरला कमी लेखू नका हेही सांगतो. मार्च ते मे आपली हवा कोरडी असते, गोडाऊन, वर्कशॉप, वेटिंग हॉलला इव्हॅपोरेटिव्ह कूलिंग उत्तम चालतं, कोडमध्ये पण त्याला कमी ऊर्जेची सिस्टीम म्हणून मान आहे. जूनमध्ये दमट झालं की चालणार नाही, तेवढं लक्षात ठेवून डिझाइन करा.

पॉवर फॅक्टर, म्हणजे घेतलेल्या विजेतली किती खरी कामाला येते तो हिस्सा, ०.९७ ते १ मध्ये पाहिजे. तो आपोआप सुधारणारं, कपॅसिटर असलेलं एपीएफसी पॅनल बसवतात आणि पहिल्याच बिघाडाला मॅन्युअलवर टाकून विसरतात, रात्री लोड नसताना कपॅसिटर तसेच चालू, पॉवर फॅक्टर लीडिंगला, म्हणजे उलट्या बाजूला बिघडलेला. महिन्यातून एकदा रात्री जाऊन पॅनलचा डिस्प्ले बघा.

आणि कागद. काचेचा, शीटचा, गच्चीच्या रंगाचा टेस्ट रिपोर्ट माल उतरतो त्याच दिवशी चलनासोबत घ्या, त्यावरचा बॅच नंबर मालाशी जुळवा, आणि तो हातात पडल्याशिवाय ठेकेदाराचं बिल सोडू नका. वर्षभराने इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी मागितलं तर डीलर फोन उचलत नाही, आणि मग दुसऱ्याच साईटचे रिपोर्ट जोडायची घाई सुरू होते. असल्या फाईलवर मी सही करत नाही, कितीही जवळचा माणूस असला तरी.