उन्हात ढेपाळलेली हब मोटर

मे महिना, नागपूर, पारा ४५ च्या वर. भावाची इलेक्ट्रिक स्कूटर सीताबर्डीच्या उड्डाणपुलावर चढताना दम टाकून राहिली होती. गंमत म्हणजे मागचं चाक (हब मोटर त्या चाकातच असते) उचलून फिरवलं की आधीपेक्षा जोरात पळायचं!

तिथेच शंका आली. मोटरमधले चुंबक कमजोर झाले की बॅक ईएमएफ, म्हणजे फिरताना मोटरमध्येच तयार होणारं उलटं व्होल्टेज, घटतो. बिनभाराचा वेग वाढतो, पण तेवढ्याच टॉर्कला (फिरवण्याच्या जोराला) करंट जास्त लागतो, मोटर आणखी तापते.

मोटरला वीज देणाऱ्या फेजच्या तिन्ही वायरी सुट्या केल्या, चाक ठरावीक वेगाने फिरवून दोन-दोन वायरींमधलं एसी व्होल्टेज मोजलं. तसल्याच चांगल्या मोटरपेक्षा तिन्ही जोड्यांत सारखंच कमी. वाइंडिंगचा (तांब्याच्या तारेच्या गुंडाळीचा) दोष असता तर सहसा एखादी जोडी वेगळी दिसते. म्हणजे दोष चुंबकांचाच.

साध्या ग्रेडचे निओडायमियम चुंबक साधारण ८० अंशांपर्यंत टिकणारे, जास्त उष्णता सोसणाऱ्या एसएच ग्रेडचे १५० पर्यंत. हिंगणा एमआयडीसीत ओळखीच्या वर्कशॉपमध्ये जुने खरवडून एसएचचे बसवले, उष्णता सोसणाऱ्या इपॉक्सीने, उत्तर-दक्षिण आलटून-पालटून. (बोटं सांभाळा बाप्पा, चिमटा जबर बसतो.) वाइंडिंगमध्ये थर्मिस्टर (तापमान मोजणारा सेन्सर) टाकला, मोटरला करंट पुरवणाऱ्या कंट्रोलरचा फेज करंट जरा उतरवला. पिकअप थोडा मंदावला, भाऊ कुरकुरतो. पण पूल भर दुपारी डबलसीट चढतो.