प्रार्थनेत टोमणे मारू नका, आणि बाकीच्या या चुका टाळा

पंधरा-वीस वर्षं ऐरोली, घणसोली, कळव्याच्या घरगुती ख्रिस्ती प्रार्थना सभांना जातोय आणि त्याच त्याच चुका बघून जीव कंटाळलाय, म्हणून लिहितोय.

सगळ्यात घातक चूक म्हणजे प्रार्थनेतून टोमणा मारणं. डोळे मिटलेले, आवाज गहिवरलेला, आणि बोलणं चाललंय समोर बसलेल्या माणसाला. मी स्वतः हे केलंय. आमच्याकडे ऐरोलीला एक सिक्युरिटीवाला भाऊ यायचा, रबाळे एमआयडीसीत बारा तासांची ड्युटी करून. एका शनिवारी उशिरा आला, दारूचा वास येत होता, डब्याची पिशवी मांडीवर घेऊन दारातच चपलांच्या बाजूला बसला. मी नुकताच बायबलमधला, लूक 18 मधला परूशी आणि जकातदाराचा दाखला (मंदिरात प्रार्थनेला आलेले दोघं: एक धर्म काटेकोर पाळणारा परूशी, दुसरा लोक पापी समजायचे तो कर गोळा करणारा) वाचून दाखवला होता, आणि लगेच प्रार्थनेत "प्रभू, काही लोक व्यसनात लोळतायत" म्हणून पाच मिनिटं सुरूच. आमेन म्हणून डोळे उघडले तर तो निघून गेलेला. त्या दाखल्यातला जकातदार पण लांबच उभा होता, वर बघायची त्याची हिंमत होत नव्हती, आणि हे मीच दहा मिनिटांपूर्वी मोठ्याने वाचलं होतं. पुढे त्याच्या खोलीवर जाऊन माफी मागितली. तो एवढंच म्हणाला, "भाऊ, तशा अवस्थेत मी दुसरीकडे कुठे जाणार होतो?"

तेव्हापासून तोंडात 'काही लोक' आलं की तिथेच थांबतो, 'मी' घालून वाक्य परत म्हणतो. नाही जमलं तर गप्प बसतो.

दुसरी चूक, परूशी म्हणजे ढोंगी एवढं म्हणून मोकळं होणं. अरे नीट वाचा. नियमशास्त्रात, म्हणजे यहूद्यांच्या धर्मनियमांत, सगळ्यांना सांगितलेला उपवास वर्षातून एक, प्रायश्चित्ताच्या दिवशी. हा आठवड्यातून दोनदा करायचा, सगळ्या मिळकतीचा दशांश, म्हणजे दहावा भाग, देवाला द्यायचा, आणि सुरुवात तर देवाचे आभार मानून. आपल्या चर्चच्या मंडळीत असता तर आपण त्याला खजिनदार केलं असतं. तो खोटं बोलला असं येशू कुठेच म्हणत नाही. 'मी इतरांसारखा नाही' इथे त्याचं सगळं बिघडलं.

उपवास चेहऱ्यावर आणू नका. मत्तय 6 मध्ये सरळ सांगितलंय, डोक्याला तेल लाव, तोंड धू. लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत, चहा नको असेल तर नुसतं नको म्हणा.

"मी तर महापापी" असं मोघम पण नको, त्यात काहीच कबूल होत नाही. मी वहीत लिहितो: आज बायकोवर ओरडलो, ऑफिसात दुसऱ्याच्या कामाचं श्रेय घेतलं.

आणि बाप्तिस्म्याला सहा महिने झाले नाहीत तोवर ग्रुपवर दुसऱ्यांच्या डोळ्यातली कुसळं काढणाऱ्यांनो, थोडं थांबा. यूट्यूबवर एकवीस दिवसांत नम्रता मिळत नाही. वर्षभर सभेनंतर चटया उचला, चहाचे कप धुवा, ज्याच्याशी पटत नाही त्याचा कप पण. योहान 13 मध्ये येशू जेवणावरून उठला, कमरेला रुमाल बांधला आणि शिष्यांचे पाय धुतले, तेव्हा त्याला पकडून देणारा यहूदा अजून तिथेच बसलेला होता.