पाहुण्याची परवानगी: गप्पांना वेगळी, रीलला वेगळी

पॉडकास्टला येणारा पाहुणा 'हो' म्हणतो ते तासाभराच्या गप्पांना; त्यातून काढलेल्या ४० सेकंदांच्या रीलला नव्हे. म्हणून आमंत्रणाच्या मेसेजमध्येच लिहा: विषय काय, वेळ किती, व्हिडिओ होणार की फक्त आवाज, तुकडे कुठे टाकणार, प्रायोजक कोण. प्रश्न शब्दशः पाठवू नका, उत्तरं पाठ केल्यासारखी येतात. मुद्दे पुरेत.

रेकॉर्डिंग सुरू झाल्यावर परवानगी तोंडीही घ्या आणि ती मूळ फाइलमध्ये राहू द्या. "हे बाहेर जाऊ देऊ नका" असं पाहुणा म्हणाला की तिथेच एक टाळी वाजवा. वेव्हफॉर्ममध्ये (स्क्रीनवर दिसणाऱ्या आवाजाच्या आलेखात) उंच रेघ उमटते आणि एडिटरच्या नजरेतून ती जागा सुटत नाही. माइक तपासतानाच्या गप्पा मात्र कधीच वापरायच्या नाहीत.

खरा घात एडिटिंगमध्ये होतो. खोकला, "अं", लांबलेली शांतता खुशाल काढा. पण एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याला जोडू नका. "माझ्या मते", "तेव्हा तरी" हे शब्द वेळ वाचवायला कापले जातात आणि पाहुण्याचा अंदाज ठाम दावा होऊन बसतो. रीलचा कट ठरवताना आधीचा प्रश्न आणि पुढची दोन वाक्यं ऐकाच.

आजार, घटस्फोट, मृत्यू असा विषय असेल तर प्रसिद्धीच्या दोन दिवस आधी पाहुण्याला फाइल पाठवा. तपशिलाची चूक दुरुस्त करा, खाजगी गोष्ट काढायला सांगितली तर काढा. बोलण्यात बलात्कारपीडितेची ओळख आली असेल, तर तिच्या लेखी परवानगीशिवाय ती ठेवूच नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार तो गुन्हा आहे.