फिल्म की डिजिटल? कॅमेरा घेण्याआधी या चुका टाळा

फिल्म स्वस्त पडते, हा पहिला गैरसमज. फिल्मचा जुना एसएलआर (लेन्समधूनच बघून फोटो काढायचा कॅमेरा) डिजिटल कॅमेऱ्याच्या मानाने कमी पैशांत मिळतो हे खरं, पण खरा खर्च त्यानंतर सुरू होतो. ३५ मिमीच्या रोलमध्ये ३६ फोटो बसतात. रोल, धुलाई (डेव्हलपिंग) आणि स्कॅनिंग यांच्या खर्चाची बेरीज करा, तिला ३६ ने भागा. प्रत्येक क्लिकला तेवढे पैसे जाणार. पक्षी, मुलांचे खेळ, घरचं लग्नकार्य असं भरपूर टिपायचं असेल तर सरळ डिजिटल घ्या. एकेका फोटोसाठी थांबायला आवडत असेल, तर फिल्मसारखा आनंद नाही.

कॅमेऱ्याआधी फिल्म धुणारी लॅब शोधा. रंगीत निगेटिव्ह सी-४१ प्रक्रियेने धुतात, स्लाइड (जिच्यावर थेट खरे रंग दिसतात ती फिल्म) ई-६ ने, आणि साधी कृष्णधवल फिल्म थोड्या सरावाने घरीसुद्धा धुता येते. सिनेमाची फिल्म कापून भरलेले रोल घेताना मात्र जपून. त्यातल्या अनेकांच्या पाठीवर रेमजेटचा काळा थर असतो. तो सुटून रसायनं खराब होतात, म्हणून सी-४१ वाल्या लॅब असे रोल घेत नाहीत.

घरच्या कपाटातला आग्फा क्लिक थ्री हा जुना कॅमेरा वापरायचा विचार असेल, तर त्याला १२० चा, म्हणजे ३५ मिमीपेक्षा रुंद रोल लागतो आणि त्यात फक्त १२ चौकोनी फोटो निघतात. साठ-सत्तरच्या दशकातल्या कॅमेऱ्यांची अडचण वेगळी. त्यांतल्या बऱ्याच कॅमेऱ्यांचे उजेड मोजणारे मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर चालायचे. ते सेल आता बंद झालेत. १.५ व्होल्टचा सेल घातला की काही मीटर उजेड जास्त दाखवतात आणि सगळे फोटो काळपट येतात. कानाच्या मशीनचा ६७५ नंबरचा सेल तिथे बहुधा चालतो. आकाराने लहान असल्याने भोवती रबरी रिंग बसवावी लागते.

डिजिटलची सवय फिल्मवर नेऊ नका. डिजिटलमध्ये जळालेलं आभाळ परत येत नाही, म्हणून आपण उजळ भाग जपतो. निगेटिव्हमध्ये सावलीला प्रकाश कमी पडला तर तिथे काहीच उमटत नाही. तेव्हा सावली बघून एक्स्पोजर ठरवा, थोडं जास्त झालं तरी निगेटिव्ह सांभाळून घेते. स्लाइड फिल्म मात्र एवढी सोशीक नाही.

रोल कोरा आला तर लगेच लॅबवाल्याशी भांडू नका. निगेटिव्ह उजेडात धरा आणि कडेचे छापील आकडे बघा. आकडे ठळक आहेत पण फोटो नाहीत, म्हणजे धुलाई व्यवस्थित झाली आणि फिल्मवर प्रकाशच पोचला नाही. बहुतेक वेळा फिल्मचं टोक आतल्या रिळाला अडकलेलंच नसतं. पुढच्या वेळी रोल भरल्यावर रिवाइंडचा नॉब हलकेच फिरवून ढील काढा. लिव्हर ओढताना तो नॉब उलटा फिरला पाहिजे. आकडेही नसतील, तर चूक धुलाईत झाली. प्रत्येक फोटोत एकाच जागी नारिंगी पट्टा दिसला, तर मागच्या झाकणाचा फोम कुजलाय आणि तिथून प्रकाश आत शिरतोय. तो फोम बदलून मिळतो.

लॅबमधून नुसते स्कॅन घेऊन येऊ नका, निगेटिव्ह मागून घ्या. चांगला स्कॅन नंतर कधीही करता येतो. आणि पावसाळ्यात, विशेषतः कोकणात किंवा मुंबईत, कॅमेरा चामड्याच्या केसमध्ये ठेवू नका. चामडं ओल धरतं, लेन्सवर बुरशी चढते. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल एवढ्याने काम भागतं, डिजिटलचंही.