बोटीचं जुनं पेट्रोल इंजिन सुरू होत नाही? नवी कॉइल घेण्याआधी या चुका टाळा

कोकणात मासेमारीच्या यांत्रिक होड्या दिसतात त्या बहुतेक डिझेलवरच्या. डिझेलला ठिणगी पाडणारा प्लग नाही, त्या ठिणगीसाठी बॅटरीचं व्होल्टेज वाढवणारी कॉइल नाही, त्यामुळे ठिणगीची कटकटही नाही. अमेरिकेत मात्र साठ-सत्तरच्या दशकांत शिडाच्या बोटींच्या पोटात सर्रास पेट्रोल इंजिन बसवत. त्यातलं सगळ्यात जास्त भेटणारं म्हणजे युनिव्हर्सल कंपनीचं ॲटॉमिक ४. चार सिलिंडर, ३० हॉर्सपॉवर. १९४७ ते १९८४ या काळात अशी चाळीस हजारांहून जास्त इंजिनं बनली. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या चेसापीक उपसागरात आमची जी तीस फुटी बोट आहे तिच्यातही हेच. पहिल्याच उन्हाळ्यात मी तिची कॉइल बदलली, कंडेन्सर बदलला, डिस्ट्रिब्युटरची (ठिणगी एकेका सिलिंडरला वाटणाऱ्या भागाची) कॅप बदलली. दोष निघाला वायरिंगच्या एका हिरव्या पडलेल्या जोडात. म्हणून हा लेख.

पहिली चूक म्हणजे इंजिन कसं बंद पडलं हे लक्षात न ठेवणं. बटण दाबल्यासारखं एका क्षणात गप्प झालं तर संशय विजेवर घ्यायचा. आचके देत, खोकत, एकदा सावरून मग मेलं तर आधी पेट्रोलकडे बघायचं. हा नियम शंभर टक्के खरा नाही, पण अर्धा दिवस वाचवतो. एक अपवाद: नंतरच्या मॉडेलांत पेट्रोलचा पंप विजेवर चालतो आणि ऑइलचं प्रेशर नसेल तर एक सेफ्टी स्विच त्याचा करंट तोडतो. तो स्विच बिघडला की माणूस पेट्रोल सोडून उगाच ठिणगी शोधत बसतो.

सेल्फ मारत राहू नका

ही चूक सगळ्यात महागाची. गाडी सुरू झाली नाही तर सेल्फ मारून फार तर बॅटरी उतरते. बोटीत सेल्फ मारला की इंजिनासोबत समुद्राचं पाणी ओढणारा पंपही फिरतो. ते पाणी पुढे एक्झॉस्टच्या मफलरमध्ये जातं. इंजिन चालू असेल तर धुराच्या दाबाने ते बाहेर फेकलं जातं. इंजिन पेटलंच नाही तर मफलर भरत जातो आणि पाणी उलटं सिलिंडरमध्ये शिरतं. खारं पाणी आत राहिलं की व्हॉल्व्ह गंजून अडकायला वेळ लागत नाही. दोन-तीन प्रयत्नांत इंजिन पेटलं नाही की पाण्याचा सी-कॉक, म्हणजे समुद्राचं पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह, बंद करा, मगच पुढची तपासणी. आणि इंजिन सुरू झाल्या झाल्या तो उघडा. मी तर किल्ली सी-कॉकच्या दांड्याला अडकवून ठेवतो, म्हणजे किल्ली घ्यायला हात तिथे जातोच.

दुसरा धोका वाफेचा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाच्या पोकळीत साचते. ठिणगी बघण्यासाठी प्लग काढून इंजिनाच्या ब्लॉकला टेकवायचा तर आधी ब्लोअर, म्हणजे ती वाफ बाहेर ओढणारा पंखा, निदान चार मिनिटं चालवा आणि स्वतः नाक खाली नेऊन वास घ्या. वास आला तर ठिणगीची परीक्षा रद्द, आधी गळती शोधा.

पॉइंट उघडे असताना व्होल्टेज मोजणं

माझा सगळा उन्हाळा यातच गेला. मल्टीमीटर कॉइलच्या प्लसला लावला, १२.५ व्होल्ट दिसले, म्हणजे वायरिंग ठीक असं मानलं. पण तेव्हा डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट, म्हणजे कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क, उघडे होते. पॉइंट उघडे म्हणजे कॉइलमधून करंटच वाहत नाही, आणि करंट नसेल तर कितीही कुजलेला जोड व्होल्टेज खात नाही. मीटर छान आकडा दाखवतो आणि आपण कॉइलला दोष देतो.

इंजिन हाताने थोडं फिरवून पॉइंट बंद करा, किल्ली चालू करा आणि मग मोजा. आता साडेतीन-चार अँपिअर वाहतात आणि प्रत्येक खराब जोड आपला वाटा घेतो. बॅटरीवर जितके व्होल्ट आहेत त्यापेक्षा कॉइलवर अर्ध्या व्होल्टहून जास्त कमी दिसले तर वाटेत कुठेतरी गडबड आहे. वाट लांब असते: सेल्फच्या टर्मिनलपासून वायर वर कॉकपिटमधल्या पॅनेलपर्यंत, तिथे अँमीटर, मग किल्लीचा स्विच, आणि परत खाली कॉइलकडे. मधे इंजिनाजवळ सगळ्या वायरी एकत्र जोडणारा प्लग (ठिणगीचा नव्हे) असतो. माझ्याकडे नऊ व्होल्ट आले होते, आणि चोर तोच प्लग होता. इंजिनाची अर्थिंगही अशीच, करंट वाहत असताना तपासा. मोजून झालं की किल्ली लगेच बंद करा. पॉइंट बंद आणि इंजिन थांबलेलं अशा अवस्थेत किल्ली चालू राहिली तर कॉइल तापते, पॉइंट जळतात.

अजून एक छोटा चोर: टॅकोमीटर, म्हणजे इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा. त्याची वायर, बहुतेकदा राखाडी, कॉइलच्या मायनसला येते. ती कुठे सोलवटून इंजिनाला टेकली की ठिणगी बंद. वायर काढा, सेल्फ मारा, अर्ध्या मिनिटात निकाल.

फियाटची सवय बोटीत आणू नका

आमच्या वडिलांच्या प्रीमियर पद्मिनीचे, म्हणजे फियाटचे, पॉइंट काडेपेटीच्या कडेवर घासले जायचे. चालायची गाडी. पण घासल्याने पृष्ठभाग खडबडीत होतो आणि पुन्हा लवकर जळतो. नवे पॉइंट टाका, फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्टीने) फट ०.०१८ ते ०.०२० इंच ठेवा, आणि बसवल्यावर त्यांच्यातून कोरा कागद ओढा. नव्या पॉइंटवर तेलाचा पातळ थर असतो, कित्येकदा तेवढ्यानेच ठिणगी येत नाही. प्लगची फट ०.०३५ इंच. जुना पण चालता कंडेन्सर फेकू नका, नवाकोरा खराब निघतो हे मी दोनदा बघितलंय.

फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, तीही गाडीची नाही. पद्मिनीची १-३-४-२, ॲटॉमिक ४ ची १-२-४-३. गाडीच्या मेकॅनिकने सवयीने वायरी लावल्या तर दोन वायरींची अदलाबदल होते आणि इंजिन कार्ब्युरेटरमधून फटाके फोडतं. वायरी काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढा.

गाडीच्या दुकानातला अल्टरनेटर किंवा सेल्फ स्वस्त मिळतो, बसतोही. पण बोटीचे हे भाग आतली ठिणगी बाहेरच्या वाफेपर्यंत पोचणार नाही असे बनवलेले असतात. त्यांच्यावर एसएई जे११७१ असा शिक्का बघा. इथे पैसे वाचवू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

आता कॉइल. ती खरंच खराब असते तेव्हा लक्षण ठरलेलं: अर्धा-पाऊण तास इंजिन सुरेख चालतं, मग एकदम बंद. वीस मिनिटं थंड झालं की जणू काही झालंच नाही. अशा वेळी गरम असतानाच ठिणगी तपासा, थंड झाल्यावर ती नेहमीसारखी दिसते. नवी घेताना प्रायमरीचा, म्हणजे कॉइलच्या प्लस आणि मायनसमधला, रोध मोजून घ्या. साधारण तीन ते चार ओहमची कॉइल थेट बारा व्होल्टवर चालते. दीड ओहमवालीला बाहेरून रेझिस्टर लागतोच, नाहीतर अल्टरनेटरच्या चौदा व्होल्टवर नऊ अँपिअरच्या आसपास करंट जाऊ शकतो. पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बसवलेलं असेल तर आधी जळतं ते मॉड्यूल.