स्क्रोलवर चालणारी गोष्ट रखडते कुठे? या चुका टाळा

वाचक पान सरकवेल तशी दृश्ये हलत उलगडणारी वेबपाने, म्हणजे स्क्रोलवर चालणाऱ्या गोष्टी, आम्ही बनवतो. ठाण्यातल्या आमच्या छोट्या कार्यालयात नवीन मुले आली की आधी अ‍ॅनिमेशनची लायब्ररी (हालचालीचा तयार कोड) बसवतात आणि मजकूर मागाहून मागतात. निम्म्या चुका तिथेच सुरू होतात.

16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्यास आलेल्या पहिल्या प्रवासी गाडीवर आम्ही एक पान केले होते. वाचक पान सरकवेल तशी 14 डब्यांची गाडी पडद्याच्या वरच्या कडेने 34 किलोमीटरचा मार्ग कापत जाई. कार्यालयातल्या मॉनिटरवर ती अगदी वेळेवर धावली. संध्याकाळी वाशी लोकलमध्ये मी तेच पान माझ्या साध्या फोनवर उघडले, तेव्हा मजकूर भायखळ्यातच होता आणि गाडी ठाण्यात येऊन उभीही राहिली होती. चित्रांना रुंदी-उंची दिलेली नसल्यामुळे सुरुवातीला त्यांची जागा धरलीच गेली नव्हती, त्या आखूड पानावरून गाडीचा प्रवास मोजला गेला, आणि मंद नेटवर्कवर चित्रे एकेक उतरली तसे पान लांबत गेले तरी मोजमाप जुनेच राहिले. कार्यालयात चित्रे कॅशेमध्ये, म्हणजे ब्राउझरने आधीच साठवून ठेवलेली, असल्याने हे कोणाला दिसलेच नाही. तेव्हापासून मी प्रत्येक चित्राची मापे एचटीएमएलमध्येच (पानाच्या रचनेच्या कोडमध्ये) लिहितो, फॉन्ट उतरल्यावर मोजणी पुन्हा करवतो आणि कॅशे रिकामी करून पाहिल्याशिवाय पान ग्राहकाला दाखवत नाही.

वाचकाचे स्क्रोल ताब्यात घेऊन एका फटकाऱ्यात एक दृश्य पुढे ढकलण्याची हौस मला मुळीच मान्य नाही, कारण पान किती सरकवायचे हे वाचकाच्या अंगठ्याने ठरवायचे असते. दृश्य सीएसएसच्या (पानाचे रूप ठरवणाऱ्या भाषेच्या) ‘पोझिशन स्टिकी’ने खिळवावे आणि मजकूर त्यावरून सरकू द्यावा. स्टिकी चालत नाही म्हणून नवी लायब्ररी शोधणाऱ्या उतावळ्यांनी आधी बाहेरच्या एखाद्या घटकावर ‘ओव्हरफ्लो हिडन’ (बाहेर जाणारा भाग लपवणारी सूचना) आहे का ते पाहावे, बहुधा असतेच.

हालचालीसाठी घटकाची जागा ठरवणारे ‘टॉप’ आणि ‘लेफ्ट’ बदलू नयेत, ‘ट्रान्सफॉर्म’ वापरावे, म्हणजे ब्राउझरला दर फ्रेमला (हालचालीतल्या एकेका चित्राला) मांडणी पुन्हा मोजावी लागत नाही. सेकंदाला 60 फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला जेमतेम 16.7 मिलिसेकंद मिळतात. फोनवर 100 व्हीएच (पडद्याच्या पूर्ण) उंचीच्या दृश्याची तळाची ओळ अ‍ॅड्रेस बारखाली दबते, म्हणून तिथे एसव्हीएच (अ‍ॅड्रेस बार दिसत असताना उरणाऱ्या उंचीचे माप) बरे.

सरकत्या दृश्यांनी काहींना गरगरते, त्यामुळे फोनमध्ये ‘रिड्यूस मोशन’ ही हालचाल कमी करणारी सेटिंग चालू असेल तर ती कळवणारी सीएसएसची ‘प्रेफर्स-रिड्यूस्ड-मोशन’ ही अट तपासून हालचाल थांबवावी. आमच्या त्या पानावर अशा वाचकाला गाडी पहिल्यापासूनच ठाण्यात उभी दिसते आणि मजकूर संपूर्ण मिळतो.