सूत्रावरून रासायनिक बंध कसा ओळखावा

संयुगाचे सूत्र समोर येताच अनेक विद्यार्थी विद्युतऋणतेचा (अणूच्या बंधातील इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढण्याच्या क्षमतेचा) तक्ता उघडून दोन मूलद्रव्यांच्या आकड्यांची वजाबाकी करू लागतात. माझ्या मते ही पायरी दुसरी असावी. आधी घटक मूलद्रव्ये धातू आहेत की अधातू, हे आवर्तसारणीत पाहावे. पितळातील तांबे आणि जस्ताप्रमाणे सगळे धातूच असतील, तर बंध धात्विक असतो. दोन्ही अधातू असतील तर तो सहसंयुज, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या भागीदारीचा, आणि धातूसोबत अधातू असेल तर बहुधा आयनिक, म्हणजे विरुद्ध प्रभाराच्या आयनांमधील आकर्षणाचा असतो.

त्यानंतर रसायनशास्त्रज्ञ पाउलिंग यांनी १९३२ मध्ये मांडलेल्या विद्युतऋणतेच्या मोजपट्टीकडे वळावे. सोडियम क्लोराइडमध्ये फरक ३.१६ वजा ०.९३ म्हणजे २.२३ येतो, तर हायड्रोजन क्लोराइडमध्ये तो ०.९६ असतो. फरक सुमारे १.७ पेक्षा जास्त असल्यास आयनिक, ०.४ ते १.७ असल्यास ध्रुवीय (इलेक्ट्रॉनांची असमान वाटणी असलेला) सहसंयुज आणि त्याहून कमी असल्यास अध्रुवीय, असा ठोकताळा आहे. मात्र हा नियम नव्हे. हायड्रोजन फ्लोराइडमधील फरक १.७८ असूनही ते सहसंयुज आहे, आणि सोडियम हायड्राइडमधील फरक अवघा १.२७ असूनही ते आयनिक आहे. या दोन्ही ठिकाणी धातू-अधातूची पहिली पायरीच बरोबर उत्तर देते.

पहिली पायरीही कधी फसते, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. कथिलाच्या दोन क्लोराइडांत मूलद्रव्ये तीच आहेत, तरीही डायक्लोराइड हा सुमारे २४७ अंश सेल्सिअसला वितळणारा स्थायू आहे, तर टेट्राक्लोराइड साध्या तापमानाला द्रव असते व ११४ अंशांच्या आसपास उकळते, म्हणजे धातू असूनही ते सहसंयुज आहे. धन आयन जितका लहान व जास्त प्रभाराचा, आणि ऋण आयन जितका मोठा, तितका ऋण आयनाचा इलेक्ट्रॉन मेघ धन आयनाकडे ओढला जाऊन बंध सहसंयुजतेकडे झुकतो, हे रसायनशास्त्रज्ञ फायान्स यांनी १९२३ मध्ये दाखवले. म्हणून धातूवरील प्रभार +३ किंवा +४ असेल, तर निर्णयाची घाई करू नये.

सूत्रात अमोनियम, कार्बोनेट किंवा सल्फेट यांसारखे संयुक्त मूलक, म्हणजे अनेक अणूंचा मिळून बनलेला प्रभारित गट, आहे का, हेही तपासावे. अमोनियम क्लोराइडमध्ये एकही धातू नाही, तरी ते आयनिक आहे. नायट्रोजन-हायड्रोजन बंध मात्र सहसंयुजच असतात.

पडताळणीसाठी केवळ उच्च द्रवणांक पुरेसा नाही. सिलिका १७०० अंशांपर्यंतही वितळत नाही, पण ती सहसंयुज बंधांच्या अखंड जाळ्याची बनलेली आहे. स्थायुरूपात वीज न वाहणारा आणि वितळल्यावर ती वाहू देणारा पदार्थ मात्र आयनिक समजावा.